लाल म्हणजे चालू

माझा पहिला स्क्रीन हिरवा होता. मध्यभागी मोठं वर्तुळ, वर्तुळात टक्क्यांचा आकडा, खाली ‘सुरू करा’ असं बटण. सगळं ठीक असलं की वर्तुळ हिरवं, काही बिघडलं की लाल. तो इतका देखणा झाला होता की त्याचा फोटो काढून मी बायकोला तिच्या ऑफिसात पाठवला. तिचं उत्तर आलं, "मस्त आहे. पण हे हाये काय?"

प्रश्न रास्त होता. म्हणून आधी तेच सांगतो.

शहराच्या कडेला, कुरुदला, एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस आहे. मी तिथे लागलो तेव्हा खिडकीतून धानाची शेतं दिसायची. आता लोकांच्या गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या दिसतात. ऑफिसचा मालक माझ्यापेक्षा बराच लहान आहे, मला काका म्हणतो आणि स्वतः प्रोग्रामिंग करतो. आजूबाजूच्या छोट्या कारखान्यांच्या नोंदी ठेवायची सॉफ्टवेअरं आम्ही बनवतो. आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे लोखंडी तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, बनवणारा एक कारखाना. प्रत्येक कॉइलला नंबर. कोणत्या मालाची, वजन किती, कोणत्या ट्रकमध्ये चढली, हे सगळं एका सर्व्हरवर.

हा सर्व्हर भट्टीशेजारच्या जुन्या इमारतीत होता. वर पत्रे, आत काळी धूळ, आणि उन्हाळ्यात हात लावला तर चटका बसावा अशी खोली. वर्षातून एकदा कारखाना काही दिवस बंद ठेवून दुरुस्त्या करतात, त्याला शटडाऊन म्हणतात. येत्या शटडाऊनमध्ये ती इमारत पाडायची ठरली. म्हणून गेटच्या पलीकडे नव्या खोलीत दुसरा सर्व्हर आला. पहिल्यावर जी नोंद होईल तीच लगेच दुसऱ्यावर आपोआप उतरायची, दिवसरात्र, न थांबता. आमच्या धंद्यात याला रेप्लिकेशन म्हणतात. प्रत मूळच्या बरोबरीला आली की जुनं मशीन बंद करायचं आणि पुढचं काम नव्यावर चालवायचं.

प्रश्न एवढाच, की प्रत बरोबरीला आली हे सांगणार कोण? त्या कारखान्यात शिफ्टला कॉम्प्युटरची माणसं नसतात. तिन्ही शिफ्टमध्ये हमखास माणूस बसलेला असतो ती एकच जागा, विजेची कंट्रोल रूम. म्हणून स्क्रीन तिथे लागणार होता. तो पाहून, जुनं मशीन बंद करायचं की नाही हे कंट्रोल रूमवाल्यांनी ठरवायचं होतं.

कंट्रोल रूमच्या प्रमुख एक इंजिनियर बाई होत्या, गोंदियाकडच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. पहिल्याच बैठकीत त्यांनी अट घातली.

"माझ्या ऑपरेटरले स्क्रीन पाहून समजलं पायजे. त्यानं तुमाले फोन करून विचारलं, तर तो स्क्रीन माझ्या काही कामाचा नाही. मग मी हेड ऑफिसले लिहून देईन, की दुसरं कोणी पाहा."

परत येताना मालकाने गाडी रस्त्याला लावली. मग म्हणाला, "काका, हा कारखाना गेला त आपलं ऑफिस नाही चालत. खरं सांगतो."

"माहीत आहे."

"प्रत उतरवायचं काम मी करतो. स्क्रीन तुमचा."

इतकी वर्षं मी फक्त रिपोर्ट बनवले होते. उभ्या-आडव्या बेरजा जुळल्या पाहिजेत, एवढीच त्यांची अपेक्षा. दिसतात कसे, हे मला कोणी विचारलं नव्हतं. पण मालकाने आपलं ऑफिस माझ्या एका चित्रावर ठेवलं होतं, आणि त्यानंतर मला रस्त्यातल्या प्रत्येक गोष्टीचा स्क्रीन दिसायला लागला. पेट्रोल पंपाचे आकडे, एटीएम, लिफ्टचे बाण, सगळ्यांकडे मी परीक्षक असल्यासारखा बघायचो.

मी आकड्यांचा माणूस. ‘अंदाजे’ हा शब्द मला मुळीच आवडत नाही. त्यामुळे टक्क्यांवर माझी श्रद्धा होती. एकूण नोंदी किती, त्यांतल्या उतरल्या किती, भागाकार करा, आणखी काय लागतं? तेव्हा ते हिरवं वर्तुळ तयार झालं, कंट्रोल रूमच्या टेबलावर लागलं, आणि मी निश्चिंत झालो.

दुसऱ्या दिवशी मालकाने फोन आपटला.

"काका, प्रत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. कोणीतरी ‘सुरू करा’ दाबलं."

"चुकून दाबलं असेल."

"चुकून ठीक आहे. पण पुन्हा दाबलं त मी काय करू?"

पुन्हा दाबलं गेलं. सगळी प्रत पुसून पुन्हा शून्यापासून. मी सकाळच्या शिफ्टच्या ऑपरेटरला फोन लावला. मूळचे भंडाऱ्याकडचे, माझ्याच वयाचे गृहस्थ.

"भाऊ, बटण कावून दाबलं?"

"साहेब, बंद पडला होता तो. मॅडमनं सांगितलं होतं, कॉपी बंद पडू द्यायची नाही. म्हणून चालू केला."

"बंद कुठे होता? हिरवा होता ना?"

"हाव ना जी, हिरवाच होता. म्हणून त दाबला."

मला वाटलं हे माझी थट्टा करून राहिले. फोन ठेवून मी मालकाला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "बटण काढून टाका, नाही त त्यायच्या हातावर पट्टी बांधा." तेवढ्यात मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज शांत होता, म्हणजे जास्त वाईट.

"तुमचा स्क्रीन खोटं बोलते. चालू असन त बंद दाखवते. आणि आकडा उलटा चालते. सकाळी पुन्हा चढून अठ्ठ्याण्णव झाला होता, आता शहाण्णव. कॉपी मागं जाऊन राहिली का?"

आकडा का कमी होतो हे मला ठाऊक होतं. मूळ मशीनवर नव्या नोंदी पडतच असतात, एकूण वाढत जातं, आणि प्रत धावत असली तरी टक्का खाली येऊ शकतो. भागाकार बरोबर होता. हे मी मॅडमना समजावून सांगायला लागलो.

"तुमचा भागाकार बरोबर असन," त्या म्हणाल्या. "पण मी काय त्याच्या बाजूले तुमाले उभं करून ठेवू का समजवाले?"

मी म्हटलं, "एक शिफ्ट मला तुमच्याकडे बसू द्या." त्या म्हणाल्या, "बसा. पण कोणत्याच गोष्टीले हात नका लावू."

दुसऱ्या दिवशी मी कंट्रोल रूममध्ये मागच्या भिंतीला खुर्ची लावून बसलो. समोर भिंतभर पॅनल होतं. पंप, मोटरी, पंखे, क्रेन, प्रत्येकाच्या नावाखाली छोटे दिवे. जवळजवळ सगळे लाल. भिंतभर लाल दिवे जळत होते आणि ऑपरेटर भाऊ त्यांच्याकडे पाठ करून चहात बिस्किट बुडवत होते. माझा स्क्रीन टेबलाच्या टोकाला हिरवागार.

काही वेळाने भोंगा वाजला. एका कोपऱ्यातला लाल दिवा विझला आणि त्याच्या शेजारचा हिरवा लागला. भाऊंनी बिस्किट तसंच कपात सोडलं आणि उठले.

"पंप बंद झाला," ते फोनवर ओरडले. "हाव, हिरवा लागून राहिला इथं. पाहा जाऊन!"

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. हात न लावायची ताकीद होती, म्हणून हात पाठीमागे बांधून मी ते पॅनल वरपासून खालपर्यंत पाहिलं. विजेच्या माणसांच्या लेखी लाल म्हणजे चालू, जिवंत, आत वीज आहे, सांभाळून राहा. हिरवा म्हणजे बंद, हात लावायला हरकत नाही. त्यांच्या सगळ्या पॅनलांवर असंच असतं. आणि मी त्याच टेबलावर चौकातल्या सिग्नलचा हिरवा आणून ठेवला होता. भाऊंनी हिरवा पाहिला आणि कर्तव्य म्हणून चालू केला. उलट, प्रत खरंच तुटली असती तर माझा स्क्रीन लाल झाला असता, आणि त्यांनी निवांत चहा घेतला असता.

मला हसू आलं. पंप पुन्हा सुरू झाला, लाल दिवा लागला, भाऊ परत येऊन कपातलं बिस्किट चमच्याने काढायला लागले.

"भाऊ, तुमी थट्टा करून नव्हते राहिले."

"कशाची थट्टा?"

"काही नाही. माझा स्क्रीन लाल करतो."

"करा बा," ते म्हणाले. "तेवढाच एक हिरवा दिसते या टेबलावर. डोळ्याले खुपते."

मी शिफ्ट संपेपर्यंत थांबलो, आणि थांबलो ते बरं झालं. दुपारी पुढच्या शिफ्टचे ऑपरेटर आले. भाऊंनी त्यांना एकेक गोष्ट सांगितली. पंप मध्ये बंद झाला होता, आता चालू. क्रेन दुरुस्तीला. शेवटी ते म्हणाले, "कॉइल चारशे बारा." येणाऱ्या माणसाने मान डोलावली नाही, "हो" म्हटलं नाही. तो स्वतः म्हणाला, "चारशे बारा." मग सही केली. तेव्हाच भाऊंनी खुंटीवरचा डबा काढला. इथे ड्युटी देताना, मी सांगितलं याला काही किंमत नाही. घेणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने परत म्हटलं पाहिजे. तोपर्यंत जागा सोडायची नाही.

स्कूटरवर परत येताना माझ्या डोक्यात स्क्रीन तयार झाला होता. मूळ मशीन म्हणजे जाणारा माणूस, प्रत म्हणजे येणारा. माझ्या जुन्या स्क्रीनमध्ये मूळला विचारलं जात होतं, ‘तू किती पाठवलंस?’ विचारायला हवं होतं प्रतीला, ‘तुझ्याकडे काय लिहून झालं?’

ऑफिसात मी कागदावर काढून दाखवलं. वर्तुळ नाही, टक्के नाहीत. दोन ओळी. वर ‘जुना’, खाली ‘नवा’. प्रत्येकीसमोर एक दिवा आणि शेवटच्या कॉइलचा नंबर. खालचा नंबर नव्या मशीनवरून, तिथे नोंद पक्की झाल्यावरच उचललेला. मशीन चालू असताना दिवा लाल, बंद असताना हिरवा. दोघांमधला दुवा तुटून खालचा नंबर मागे अडकला तर पिवळा, कारण पॅनलवरही बिघाडाला पिवळाच. आणि दाबायला बटण एकही नाही.

मालकाने कागद बराच वेळ पाहिला. "काका, आत जे नंबर चालतात ते कॉइलचे नसतात. ते मशीनचे आपले असतात, लांबलचक."

"ते तुझ्याजवळ ठेव. भाऊंना कॉइलचा नंबर कळतो."

"बरं. पण लाल? डेमोले हेड ऑफिसचे लोक येतीन. पूरा स्क्रीन लाल पाहून त्यायले हार्ट अटॅक येईन."

"स्क्रीन हेड ऑफिसच्या टेबलावर लागणार आहे का?"

"नाही."

"मग?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "तुमी रिपोर्टच बनवत होते तेच बरं होतं. शांतता होती." पण त्याच दिवशी तो नव्या मशीनवरून नंबर उचलायच्या कामाला लागला.

घरी मी बायकोलाही तो कागद दाखवला. आम्ही सेक्टर ६ मध्ये, मोठ्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत राहतो. क्वार्टर तिच्या नावावर आहे. त्याच कारखान्याच्या ऑफिसात ती क्लार्क आहे, शेकडो माणसांच्या हजेरीचं काम करते. त्यामुळे घरात मी पाहुणा आहे असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. ती वांगी चिरत होती. मी कागद ओट्यावर डब्याला टेकवून उभा केला.

"काय समजलं तुले, सांग."

"जुन्याजवळ चारशे बारा, नव्याजवळ चारशे दहा. म्हणजे नवा दोन मागं हाये."

"आणि आता?" मी खालचा आकडा खोडून चारशे बारा केला.

"आता दोघं सारखे. आता जुन्याले सुट्टी." एका नजरेत. मी इतका खूश झालो की वांगी चिरायला सुरी मागितली. तिने सुरी दिली नाही. ती कागदाकडेच पाहत होती.

"मले एक सांगा. जुनं मशीन बंद कधी करणार तुमी?"

"शटडाऊनमध्ये."

"शटडाऊनमध्ये कॉइल बनते?"

मी कागद पुन्हा हातात घेतला.

"नाही ना बनत? मग नंबर दोघायचे सारखेच राहीन. दुवा तुटला तरी सारखेच. मागची कॉइल चारशे बारा, ते तिथंच बसून राहीन दोघायजवळ. बाकीच्या नोंदी पोचून राहिल्या का नाही, हे कसं समजन?" तिने वांगी तेलात टाकली. "आमच्या इथं असंच होते. माणूस सुट्टीवर असला की त्याचं रजिस्टर सगळ्यात स्वच्छ."

तिचं बरोबर होतं. कारखाना चालू असताना स्क्रीन अचूक होता आणि ज्या दिवसासाठी तो बनवला त्या दिवशी आंधळा. भट्टी बंद असते, पण गोदामातला तयार माल तर जातच असतो. गेटवरून ट्रक निघतात, त्यांच्या नोंदी पडतात. त्या पोचल्या नाहीत तर कॉइलचा नंबर काही बोलणार नाही.

"जेवण झाल्यावर चेहरा पाडा," ती म्हणाली. "आधी पानं घ्या."

जेवताना उपाय सापडला. आमच्या जेवणाच्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ आहे, आणि ते बंद पडलं की घरात कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. मूळ मशीनने दर थोड्या वेळाने आपली वेळ एक नोंद म्हणून लिहायची, काम असो वा नसो. ती नोंदही बाकीच्या नोंदींच्या रांगेतूनच प्रतीकडे जाणार. म्हणजे प्रतीच्या ओळीत जी वेळ दिसेल, त्या वेळेपर्यंतचं सगळं तिच्याकडे पोचलं. वर एक घड्याळ, खाली एक घड्याळ. खालचं मागे असेल तर प्रत मागे आहे. खालचं थांबलं तर काहीतरी तुटलं, लगेच पिवळा. भागाकार नको, समजावणारा नको.

"सापडलं का?" बायकोने विचारलं.

"सापडलं."

"मग भाजीत मीठ कमी हाये हे आता तरी समजलं असन."

शटडाऊनच्या दिवशी सकाळी मॅडमनी मला तीच मागच्या भिंतीची खुर्ची दिली. "तुमी इथं बसायचं. बोलायचं नाही. स्क्रीन बोलन."

माझ्या शेजारी मालक बसला.  भट्टी बंद होती, त्यामुळे त्या जागेत मी कधी न ऐकलेली शांतता होती. पॅनलवर पहिल्यांदाच हिरव्या दिव्यांची गर्दी होती. मात्र आमच्या स्क्रीनवर दोन्ही दिवे लाल, दोन्ही घड्याळं चालू, दोन्ही नंबर सारखे.

हेड ऑफिसचे एक साहेब आले होते. जुनी इमारत पाडणारं मशीन बाहेर उभं होतं आणि त्याचा माणूस सारखा दारात डोकावत होता. साहेबांनी आल्या आल्या आमच्या स्क्रीनकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"ये लाल-लाल क्या है? एरर आ रहा है?"

"नहीं सर, चल रहा है," ड्युटीवरचे भाऊ म्हणाले.

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी फक्त हाताने मागचं पॅनल दाखवलं. साहेब हिशोबाच्या खात्यातले असावेत. त्यांना फारसं पटलं नाही, पण ते बसले.

मग खालचं घड्याळ थांबलं. मी ते पाहिलं, मालकाने पाहिलं. त्याने माझा दंड घट्ट पकडला. वरचं घड्याळ पुढे जात होतं, खालचं तिथेच. खाली पिवळा दिवा लागला. दोघांचे कॉइल नंबर मात्र जसेच्या तसे, सारखे. मी तोंड उघडलं आणि मॅडमकडे पाहून मिटलं.

साहेब घाईला आले होते. "नंबर तो दोनों सेम है ना? सेम है तो बंद करो. बाहर गाड़ी खड़ी है, उसका किराया लग रहा है."

भाऊ जागचे हलले नाहीत. "नहीं सर."

"क्यों नहीं?"

"नीचे की घड़ी खड़ी है, सर. कॉइल बन ही नहीं रही, तो नंबर तो सेम रहेगा ही. पर गेट से गाड़ियां जा रही हैं. ऊपर वाले के पास हैं, नीचे वाले ने अभी ली नहीं." मग माझ्याकडे नाही, मॅडमकडे वळून म्हणाले, "मॅडम, नव्या बिल्डिंगमधी पाहा लागन. तिथंच काही तरी निघालं असन."

बायकोने वांगी चिरता चिरता विचारलेला प्रश्न त्यांनी माझ्यासमोर, साहेबांना, माझ्याहून सोप्या शब्दांत सांगितला. त्यांना तो कोणी शिकवला नव्हता. त्यांनी दोन घड्याळं पाहिली होती.

मॅडमनी फोन केला. नव्या खोलीत कपाट सरकवताना कोणीतरी भिंतीतली वायर ओढून काढली होती. ती परत खोचली. पिवळा विझला. खालचं घड्याळ चालू झालं, पण आधी मागे होतं. ते भराभर पळत आलं, जणू उशीर झालेला माणूस धावत गेटमध्ये शिरतो आहे, आणि वरच्याच्या बरोबरीला येऊन संथ झालं. ट्रकच्या सगळ्या नोंदी पोचल्या होत्या. साहेब खुर्चीवर सावरून बसले आणि पहिल्यांदाच त्यांनी स्क्रीन नीट वाचला.

मॅडमनी गेटवर फोन करून ट्रक रोखायला सांगितले, मग विचारलं, "आता?"

"आता बरोबर हाये," भाऊ म्हणाले. त्यांनी वाट पाहिली, दोन्ही घड्याळं पुन्हा जुळवून पाहिली, आणि जुन्या इमारतीतल्या माणसाला फोनवर सांगितलं, "कर बंद."

वरचा दिवा हिरवा झाला. वरचं घड्याळ थांबलं. खालचा लाल तसाच, खालचं घड्याळ चालत राहिलं. गेटवरून पहिला ट्रक निघाला आणि त्याची नोंद नव्या मशीनवर पडली.

"ऊपर वाला ग्रीन हो गया," साहेब म्हणाले. "तो वो ठीक है, और नीचे वाला लाल..."

"साहब," भाऊ म्हणाले, "आप चाय लीजिए."

सगळी कंट्रोल रूम हसली. साहेबही हसले, जरा उशिराने. मालकाने तेव्हा कुठे माझा दंड सोडला. त्याच्या बोटांचे ठसे शर्टावर उमटले होते.

मला घरी जाता आलं असतं. पण मी दुपारपर्यंत थांबलो, कारण मला एक गोष्ट पाहायची होती. पुढच्या शिफ्टचे ऑपरेटर आले. भाऊंनी त्यांना पंप सांगितले, क्रेन सांगितली. मग टेबलाच्या टोकाकडे बोट करून म्हणाले, "वरचा बंद, खालचा चालू."

येणाऱ्या माणसाने स्क्रीनकडे पाहिलं. "वरचा बंद, खालचा चालू," तो म्हणाला आणि सही केली. भाऊंनी डबा काढला. माझ्याकडे कोणीही पाहिलं नाही.

मॅडम जाता जाता माझ्या खुर्चीजवळ थांबल्या. "उठा आता. कावून बसले? काम नाही तुमचं इथं." मग हसल्या, आणि त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मालकाला त्यांनी सांगितलं की पुढच्या वर्षी आणखी दोन मशीनं येणार आहेत, तेव्हा काकांनाच पाठवा, पण बटण न घेता.

घरी आलो तेव्हा बायको नुकतीच ऑफिसातून आली होती. मी फोन टेबलावर ठेवला, समोर बसलो आणि त्याच्याकडे पाहत राहिलो. तिने चहा ठेवला. चहा झाला, ओतला गेला, अर्धा संपला.

"कंट्रोल रूमचा फोन नाही आला?"

"नाही."

"कोणाचाच?"

"कोणाचाच नाही."

ती जरा विचारात पडली. मग तिने आपला फोन उचलला आणि माझा नंबर लावला. टेबलावरचा फोन थरथरून वाजायला लागला.

"चालू हाये," ती म्हणाली, आणि चहा प्यायला लागली.